सखुबाईचं आठवं घर

मित्रांनो, घरातलं वयाने मोठं कोणी बोलायला लागलं की तुम्ही हातातला मोबाइल खाली ठेवता का? ठेवत नसाल तर आज ठेवा. मी वयाने मोठी आहे, जातीने मांजर आहे आणि नावाने सखुबाई आहे. नुसतं 'सखू' म्हणणाऱ्याकडे मी मान वळवत नाही. 'मनीमाऊ' म्हणणाऱ्याकडे तर सरळ पाठ करते.

माझा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कौलांवर झाला. त्यामुळे माझं शिक्षण खिचडीपुरतं. मुलांची पंगत उठली की माझी शाळा भरायची आणि पातेलं घासायला गेलं की सुटायची. बाराखडी मला येत नाही. पण कौलांना एक फट होती आणि त्या फटीतून गुरुजींचा आवाज वर यायचा. एकदा ते म्हणाले, "मांजर ही वाघाची मावशी." सगळ्या वर्गाने ते तीनदा घोकलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही! नातं जोडायचं तर दोन्हीकडच्यांना विचारायची पद्धत आहे ना?

माणसांचं माझ्या जातीबद्दलचं सगळं ज्ञान असंच आहे. विचारायचं नाही, बघायचं नाही, नुसतं घोकायचं. आज मी त्यातलं एकेक खोटं पाडणार आहे. आणि एक खोटं तर असं, की त्याच्यापायी माझी तीन पिल्लं गेली असती आणि एका घराची सूनही गेली असती.

नाशिकरोडच्या पुढे, जिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात, तिथे गोदावरीच्या अंगाला चतुराबाईचा मळा आहे. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. फुलं झुंजूमुंजू असताना तोडायची, क्रेटमध्ये भरायची आणि उजाडता उजाडता नाशिकच्या फुलबाजारात पोचवायची. ते काम चतुराबाईचा मुलगा महेश करतो आणि तसाच पुढे अंबडच्या कारखान्यात पाळीला जातो. तोडणीचं काम सून सुवर्णाचं. नात सायली शाळेत जाते. आणि चतुराबाई या सगळ्यांना सांभाळते. असं चतुराबाईचं मत आहे.

मी या घरात आले ती उंदरांमुळे. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडायचे. एक ओळ चिखलात आणि दुसरी कोरडी, असा झेंडू झाला होता. तेव्हा चतुराबाईने शाळेच्या कौलांवरून मला खाली बोलावलं, पदरात गुंडाळलं आणि मळ्यात आणून सोडलं. आल्या दिवशीच तिने हुकूम काढला, "सुवर्णा, हिला भाकरी कमी घाल. पोट भरलं की कशाला मरतंय उंदरामागं?"

सुवर्णा म्हणाली, "आई, तुम्हाला उपाशीपोटी निंदायला जमतं का?"

"मी काय मांजर हाय का?"

"तसं कुणी म्हणलं का?" असं म्हणून सुवर्णाने तोंड वळवलं आणि हसू पदरात लपवलं.

त्या हुकुमापायी मी महिनाभर अर्धपोटी राहिले. उपाशी मांजर उंदरासमोर दम धरू शकत नाही, मित्रांनो. ते घाई करतं आणि उंदीर निसटतो. मग सुवर्णाने गुपचूप मला सुकट घालायला सुरुवात केली. भरल्या पोटी मी बिळासमोर अशी बसले, अशी बसले, की बसल्या जागी मुंग्या माझ्यावरून जायला लागल्या. आणि उंदीर बाहेर आला की तो माझा. भुकेपेक्षा मोठी गोष्ट असते ती कसब. ते पोटात नसतं, अंगात असतं. पुढच्या हंगामात ठिबकची एक नळी फुटली नाही. चतुराबाई गावभर सांगत सुटली, "बघा, उपाशी ठेवली म्हणून!"

दुधाचंही तसंच. कधी माया दाटून आली की चतुराबाई माझ्यापुढे वाटीभर दूध ठेवायची आणि मी ते प्यायचे. मग दिवसभर कोथिंबिरीच्या वाफ्याआड माझी धावपळ. गाय बघायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, मोठ्या झालेल्या मांजराला बहुतेक वेळा दूध पचत नाही. पाणी ठेवत जा."

"गोकुळापासून मांजरं दूध चोरतेत," चतुराबाई म्हणाली, "आन यान्ला आत्ता कळलं पचत नाय ते!"

चोरतो हे खरं. पचतं असं कोणी म्हटलं? महेशला भजी पचत नाहीत, म्हणून तो सोडतो का?

आणि तुमची ती म्हण, मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कोणी बघत नाही. अहो, तोंड वाटीत घातल्यावर दूध डोळ्यांत उडतं, म्हणून मिटते. माझे कान त्या वेळी मागे वळलेले असतात. सुवर्णाच्या बांगड्या कुठल्या दारात वाजल्या ते मला डोळे मिटूनही कळतं. म्हण करणाऱ्याने डोळे बघितले, कान बघितले नाहीत.

मांजर कसंही टाका, पायांवरच पडतं, हे सायलीने कुठेतरी ऐकलं होतं. तिने मला ओटीवरच्या पलंगावरून उताणी सोडून बघितलं. मी पायांवर पडले. आणि पुढे आठवडाभर त्यातल्या एका पायाने लंगडले. पायांवर पडणं म्हणजे लागत नाही असं नव्हे, पोरींनो. तिच्या आईने तिला त्यावर जो धडा दिला तो शाळेच्या फटीतून ऐकलेल्या सगळ्या धड्यांपेक्षा चांगला होता.

आता कुत्र्या-मांजराचं हाडवैर. आमच्या घरात बहिरू नावाचा कुत्रा होता. कान मोठे, अक्कल बेताची, पण मन साफ. थंडीत मी त्याच्या पोटाशी निजायचे. माझ्या अंगावर कोणी परका बोका आला तर बहिरू त्याला नदीपर्यंत पोचवून यायचा. वैर असतं ते शिकवलेलं. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग आला तो भादवा.

सायली तेव्हा दुसरीत होती. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत मला तीन पिल्लं झाली. एक काळं, एक पिवळं आणि एक दोन्ही रंगांचं. खोली कोरडी होती, उबदार होती, कोणाची ये-जा नव्हती. विहिरीपलीकडे बांध आणि बांधापलीकडे मोतीरामचा ऊस. मोतीराम म्हणजे आमचा शेजारी. त्याचा ऊस माणूस बुडेल एवढा वाढला होता.

एका संध्याकाळी वारा उसाकडून आला आणि माझे केस उभे राहिले. वास मांजराचा होता. पण एका मांजराचा नाही, वीस मांजरं एका कातडीत कोंबल्यासारखा. थोड्या वेळाने ऊस हलला आणि तो विहिरीच्या पाटावर पाणी प्यायला आला. बिबट्या. अंगावर ठिपके, चालण्यात आवाज नाही. माझाच भाचा म्हणे! मी त्याच्याकडे बघितलं आणि माझी खात्री पटली की गुरुजींना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. ज्याच्या डोळ्यांत मावशीची पिल्लं म्हणजे एक घास, तो कसला भाचा?

तो पाणी पिऊन उसात शिरला. मी काळं पिल्लू मानगुटीला धरलं आणि निघाले. मग पिवळं. मग तिसरं. तिघांनाही मी चाऱ्याच्या गंजीत नेलं.

चतुराबाईने ते बघितलं आणि तिला भलताच आनंद झाला. "आगं सायली, बघ! मांजराने घर बदललं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं. मोटारीची खोली एक, गंजी दोन. मोज आता."

मित्रांनो, हे तुमच्या घरीही म्हणतात, मला माहीत आहे. सात घरं फिरवल्याशिवाय पिल्लाचे डोळे उघडत नाहीत, असंही काही जण म्हणतात. आता मीच सांगते, कारण घरं बदलणारी मीच. मला सात हा आकडा माहीत नाही. मला हौस नाही. आपली तीन लेकरं एकेक करून तोंडात धरायची, उरलेली दोन मागे उघडी टाकायची आणि परत येईपर्यंत ती असतील की नसतील या घोरात पळायचं, हे कोणी हौसेने करतं का? आई घर बदलते ती घर वाईट झालं म्हणून. कधी मुंग्या लागतात, कधी बोका वास काढत येतो, कधी माणसंच फार हाताळतात. आणि माझं कारण तर उसात बसलं होतं.

गंजी बांधापासून फार लांब नव्हती. वास तिथेही आला. मग मी गोठ्यातल्या गव्हाणीत गेले. "तीन!" चतुराबाई ओरडली. गोठ्याला मागून पळायला दार नव्हतं, तेव्हा ताडपत्रीखालच्या ट्रॉलीत गेले. "चार!" तिथून घरामागच्या सरपणात. "पाच!" सायली ओटीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. मोतीराम बांधावरून विचारायचा, "काकू, कितवं घर झालं?" जणू मी गावातल्या लग्नाची पत्रिका वाटत फिरत होते.

सरपणात मी पिल्लांभोवती वेटोळं घालून पडले होते आणि घुरघुरत होते. चतुराबाईने वाकून ऐकलं. "कशी सुखात हाय बघा. घुरघुर चाललीये."

सुखात? माझं काळीज हातपंपासारखं हलत होतं. मांजर सुखात घुरघुरतं, पण दुखण्यात आणि भीतीतही घुरघुरतं. आपल्याच जिवाला थोपटायचं असतं तेव्हाही घुरघुरतं. तुम्ही नाही का अंधारात एकटे असलात की गाणं म्हणता?

सहावं घर मी ओटीवर केलं, रिकाम्या क्रेटांच्या मागे. तिथे बहिरू झोपायचा म्हणून. त्याला मी काही सांगितलं नाही, पण त्याला कळलं होतं. तो उसाकडे तोंड करून झोपायला लागला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बहिरू नव्हता. ओटीखाली मातीत ओढल्याची एक पुसट रेघ होती. तिच्यावरून महेशची मोटारसायकल गेली आणि रेघ मिटली. मोतीराम म्हणाला, "भादवा हाय. गेलं असंल कुत्रं फिरायला. येईल परत." सगळे हसले. मी क्रेटामागून त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मित्रांनो, मांजराला रडता येत नाही असं म्हणतात. डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजे रडणं असेल तर नसेल येत.

त्याच दिवशी मी तिन्ही पिल्लं स्वयंपाकघरात, मागच्या दारावरच्या माळ्यावर नेली. चतुराबाईने टाळी वाजवली. "सात! झालं. फिटलं हिचं."

पण दैव असं की त्या दाराबाहेरच कोंबड्यांचं खुराडं होतं. घट बसले, झेंडू भरात आला, घरात सगळ्यांची कामाची घाई सुरू झाली, आणि एका सकाळी खुराड्याची जाळी वाकलेली. तांबडी कोंबडी गायब, चार पिसं दारात.

चतुराबाईने पिसं बघितली, मग वर माळ्याकडे बघितलं. "हिनेच खाल्ली. बाळंतीण मांजराला लय भूक."

सुवर्णा म्हणाली, "आई, जाळी बघा ना कशी वाकलीये. सखुबाईच्यानं होईल का हे?"

"तू तिची वकील हाय का? मांजराची जात ती. मांजर घराला धरून राहतं, माणसाला नाय. तिला आपलं काय पडलंय? महेश, रविवारी सुट्टी हाय ना तुला? हिला आन पिल्लान्ला पोत्यात घाल आन नदीपल्याड सोडून ये. सात घरं झाली, आता पाप लागत नाय."

महेशने मान हलवली. आईपुढे तो कारखान्यातल्या साहेबापुढे हलवतो त्यापेक्षा जोरात मान हलवतो. पोतं खुंटीला टांगलं गेलं.

नदीपल्याड म्हणजे काय, ते मी जाणत होते. डोळे नुकते उघडलेली तीन पिल्लं, उघडं रान, आणि रानात त्या बिबट्याचे भाऊबंद. पण मला त्याहून दुसराही घोर होता. सुवर्णा रोज झुंजूमुंजूला उसाच्याच बांधाला झेंडू तोडायला जायची. बांधाकडच्या ओळी आधी फुलल्या होत्या. ती खाली वाकून, पाटी ओढत ओढत तोडायची. खाली वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, एखादं जनावर वाटतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मीही वाकूनच चालणारी आहे, मला कळतं.

रविवार उजाडायला आला. सुवर्णाने मागचं दार उघडून बंब पेटवला आणि ती पाटी शोधायला पुढे गेली. दार उघडंच राहिलं. आणि वारा आत आला. तो वास इतका जवळून मला कधीच आला नव्हता. खुराड्याजवळून तो झेंडूकडे गेला होता, ताजा ताजा. सुवर्णा जायची त्याच बाजूला.

मी काळं पिल्लू उचललं. पण नेऊ कुठे? मळ्यातल्या सगळ्या जागा संपल्या होत्या. तेव्हा मला कळलं की आता जागा बघायची नाही, माणूस बघायचं.

चतुराबाई ओटीवरच्या पलंगावर मिश्री लावत बसली होती. मी पलंगावर उडी मारली आणि पिल्लू तिच्या मांडीत ठेवलं. तिने तोंडातलं बोट काढलं. "आगं ए!" मी परत गेले. पिवळं आणलं. मग तिसरं आणलं. ज्या बाईने मला पोत्यात घालायला सांगितलं होतं, तिच्याच लुगड्यात मी माझी तिन्ही लेकरं टाकली. मांजर माणसाला धरत नाही म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. मला लिहिता येत नाही.

"आगं, तुझी सात झाली ना!" चतुराबाई भांबावून म्हणाली. "हे आठवं कुठून काढलं?"

उत्तर द्यायला मी थांबले नाही. सुवर्णा पाटी डोक्यावर घेऊन, मोबाइलची बॅटरी लावून वाफ्यांच्या वाटेला लागली होती. मी धावले आणि तिच्या पायांसमोरून सरळ आडवी गेले. चुकून नाही. मुद्दाम गेले. एकदा गेले, वळले आणि परत गेले.

सुवर्णा जागच्या जागी थांबली. "अगं बाई, सखुबाई! सकाळी सकाळी आडवी?" मग मागे वळून तिने हाक मारली, "आई, जरा पुढं होता का? मांजर आडवं गेलं, मला एकटीला जायला नको वाटतंय."

"मी कशी येऊ?" ओटीवरून चतुराबाई ओरडली. "तुझ्या सखुबाईने पोरं माझ्या मांडीत आणून टाकलीत. आठवं घर! आठवं घर कुणी ऐकलंय का कधी? पयलं मोटारीच्या खोलीत, मग गंजीत, मग गोठ्यात, मग..."

आणि ती मधेच थांबली.

चतुराबाईला अक्षर येत नाही, पण तिच्या मळ्याचा कोपरा न् कोपरा तिच्या डोक्यात आहे. ती बोटं मोडत घरं मोजत होती आणि मोजता मोजता तिला वाट दिसली. मोटारीची खोली, गंजी, गोठा, ट्रॉली, सरपण, ओटी, माळा. एकही घर आधीच्या घरापेक्षा उसाच्या जवळ नव्हतं. मांजर फिरत नव्हतं, पळत होतं. मग तिला बहिरू आठवला असेल. कोंबडीची वाकलेली जाळी आठवली असेल.

"सुवर्णा!" तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "जागची हलू नको! वाकू नको! उभी राहा ताठ! महेश, ऊठ! ट्रॅक्टर लाव, उजेड पाड उसाकडं!"

तिने पिल्लं ओच्यात बांधली, एका हाताने परात घेतली आणि दुसऱ्या हाताने बत्त्याने बडवायला लागली. ट्रॅक्टर धडधडला. दिव्याचा झोत झेंडूवरून सरकला आणि बांधाच्या ओळीत, सुवर्णा रोज जिथून तोडायला सुरुवात करायची तिथे, दोन डोळे चमकले.

मी मधे उभी होते. माझ्या अंगावरचा केस न् केस उभा होता, शेपूट कणसासारखं फुगलेलं. लोक म्हणतात, मांजर फुगलं म्हणजे चिडलं. छे! मांजर घाबरलं की फुगतं, मोठं दिसावं म्हणून. मी तेव्हा जितकी मोठी दिसत होते तितकीच घाबरले होते. पण हलले नाही. परात वाजत होती, महेश ओरडत होता, सुवर्णा भिंतीसारखी ताठ उभी होती आणि मी तिच्यापुढे तोंड वासून फिस्कारत होते.

भाच्याने एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं. मग उठला, वळला आणि बांधावरून एका उडीत उसात गेला.

मी आडवी गेले की काम बिघडतं म्हणतात ना? बिघडलं. बिबट्याचं.

उजाडल्यावर सगळे बांधाला गेले. ठिबकच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते, प्रत्येक पंजा सायलीच्या तळहाताएवढा. सुवर्णा ते बघून सासूजवळ सरकली. चतुराबाईने तिला धरलं. ती सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या बाईला न बोलता इतका वेळ काढताना मी पहिल्यांदाच बघितलं.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी पंजे बघितले, खुराडं बघितलं आणि बांधावर पिंजरा लावला. एकट्याने तोडायला जायचं नाही, बोलत जायचं, उजेड घेऊन जायचं, असं सगळ्या वस्तीला सांगितलं. दसऱ्याच्या आत बिबट्या पिंजऱ्यात आला. तो बघायला अख्खी वस्ती लोटली. पिंजरा गाडीत चढवताना मोतीराम मोठ्याने म्हणाला, "मावशीने भाच्याला धरून दिला रे!"

चतुराबाईने त्याला तिथेच झापलं. "मावशी नाय, आई हाय ती. आधी बघ तिच्याकडं, मग बोल."

मित्रांनो, गुरुजींच्या वर्गाने तीनदा घोकलेलं एका वाक्यात पुसलं गेलं. मी पलंगावर बसून पंजा चाटत होते, म्हणजे फार ऐकतेय असं वाटू नये. पण ऐकत होते.

पोत्यात मेथीच्या जुड्या भरून गेल्या. पिल्लं मोठी झाली. सुवर्णाने मला नाशिकरोडच्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं, पुन्हा पुन्हा बाळंतपणं नकोत म्हणून. तेव्हा मोतीराम म्हणाला, "आता हे मांजर आळशी होणार." दुसऱ्याच महिन्यात मी त्याच्याच बांधावरचे तीन उंदीर ओळीने त्याच्या दारात ठेवून आले. भेट म्हणून नाही, पुरावा म्हणून.

नंतर तो चतुराबाईकडे पिवळं पिल्लू मागायला आला. चतुराबाईने त्याला पलंगासमोर उभं केलं. "नेतोस, पण ऐक. उपाशी ठेवायचं नाय, भरल्या पोटी मांजर चांगलं धरतं. दूध पाजायचं नाय, पाणी ठेवायचं. वरून टाकून बघायचं नाय. आन घुरघुरलं म्हणजे सुखातच हाय असं धरून चालायचं नाय, हात लावून बघायचं."

"काकू, तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? बघितलं की कळतं."

सुवर्णाने माझ्याकडे बघितलं. मी सुवर्णाकडे बघितलं. जिंकलेल्याने सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

आता मी म्हातारी झाले. दात दोनच धड आहेत, उडी पलंगापुरती उरली आहे, आणि चतुराबाईच्या गोधडीत माझी जागा ठरलेली आहे. तिथून मी तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो. तुमच्या गल्लीत, जिन्याखाली, गाडीच्या शेडमध्ये एखादी मांजरी पिल्लू तोंडात धरून निघालेली दिसेल. तिची घरं मोजू नका. ती जिथून निघाली ती जागा आधी जाऊन बघा. आणि ती जिथे येतेय, तिथे थोडं सरकून बसा.